एकशे सतरा नंबरची खुंटी

एकशे सतरा नंबरची खुंटी मी हलवली होती, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या गावात गोष्ट लपत नाही, आणि कोणीतरी मीठमसाला लावून सांगण्यापेक्षा मीच सांगितलेली बरी.

मी दत्ताराम शिगवण. चौतीस वर्षं सरकारी भूकरमापक होतो, म्हणजे लोकांच्या जमिनी मोजून हद्दी ठरवून देणारा. आधी साखळीने मोजल्या, मग फळीवर कागद ताणून, मग यंत्राने, आणि निवृत्तीच्या आधी उपग्रहाच्या मदतीने. साधनं सुधारली, माणसं होती तशीच राहिली. मी हद्दीचा दगड रोवून पाठ फिरवली की दगडाला पाय फुटायचे. अशा कितीतरी जणांना मी चारचौघांत फैलावर घेतलं आहे. ‘शरम नाही वाटत?’ असं विचारायचो. त्यामुळे पुढचं सांगताना माझी मान खाली आहे, हे लक्षात घ्यावं.

ही २०३९ सालची गोष्ट. आमचं तळेकोंड पोलादपूरच्या वर, घाटाच्या पायथ्याला. डोंगरातून एक ओहळ सरळ गावात उतरतो. त्याच्या उजव्या अंगाला वरची आळी, अकरा घरांची. डाव्या अंगाला शाळा. मी रस्त्याकडेला नवं घर बांधून राहतो आणि माझा धाकटा भाऊ सदाशिव वरच्या आळीत, आमच्या जुन्या घरात. वर डोंगरावर आमची वरकस जमीन आहे, उताराची, नाचणी-वरी पिकवायची. ओहळाच्या डावीकडची माझी, उजवीकडची सदाची. भांडण होतं ते ओहळ आणि पलीकडचं ऐनाचं झाड यांच्यामधल्या पट्ट्याचं. वाटणीच्या वेळी फीत मीच धरली होती. सदा सगळ्यांसमोर म्हणाला, “मोजणीदार घरचा, मंग फीत बी घरचीच!” त्यावर मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून अकरा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. लग्नकार्यात समोरासमोर पंगतीला बसायचो आणि मीठ हवं असलं तरी वाढप्याला हाक मारायचो.

जानेवारीत केतकी बाणावलीकर आली. पुण्याच्या एका संशोधन संस्थेतली मुलगी, तिशीच्या आतली, भरभर बोलणारी. टेम्पोतून एकशे चव्वेचाळीस खुंट्या घेऊन आली. हातभर लांब, हिरव्या रंगाच्या, आणि प्रत्येकीच्या पोटात एक बारकं यंत्र. खुंटी किती कलली, भोवतालची माती किती भिजली, जमीन किती थरथरली, एवढं ते यंत्र दर तासाला कळवणार. दरड कोसळण्याआधी गावाला सावध करायचं, असा सगळा बेत. तिला डोंगर पायाखालचा असलेला माणूस हवा होता. सरपंच नलूताईंनी माझं नाव सुचवलं.

“काका, एक सांभाळा,” ती पहिल्याच दिवशी म्हणाली. “खुंटीला स्वतःची जागा कळत नाही. झाडाखाली, कड्याखाली उपग्रहाचा संदेश नीट येत नाही, आणि बॅटरीही फार खातो. रोवताना आपण जी जागा लिहू तीच यंत्र खरी धरणार. तेव्हा एकही हलता कामा नये.”

“माझ्या देखत कोण हलवतो ते बघतोच,” मी म्हटलं.

खुंट्या रोवून झाल्यावर माझ्या ओटीवर बसून तिने टॅबलेट उघडला. पडद्यावर आडव्या-उभ्या घरांची मोठी चादर पसरली, बहुतेक घरं फिकी, काही गडद.

“ही मॅट्रिक्स. पुस्तकात हिला सारणी म्हणतात. आडव्या एकशे चव्वेचाळीस ओळी, उभे एकशे चव्वेचाळीस रकाने. प्रत्येक घरात एकच आकडा, की ही खुंटी त्या खुंटीच्या किती बरोबरीने हलते.”

मी चष्मा पुसला आणि म्हटलं, “हा तर एस.टी.च्या कंडक्टरचा तक्ता झाला. आडवे थांबे, उभे थांबे, आणि घरात दोघांमधलं अंतर.”

केतकीने टाळीच वाजवली. “काका, मी हे उदाहरण चोरणार! आता समजा, त्या तक्त्यातली गावांची नावं कोणी पुसून टाकली. नुसती अंतरं राहिली. कुठला थांबा कोणाशेजारी, ते सांगता येईल?”

मी जरा विचार केला. ज्या दोघांमधलं अंतर सगळ्यांत कमी ते शेजारी, मग त्यांच्या पुढचा, मग त्याच्या पुढचा. सगळा रस्ता परत मांडता आला असता. तिला मी तसं सांगितलं.

“अगदी बरोबर. जवळच्या मातीतल्या खुंट्या एकसारख्या हलतात, लांबच्या वेगळ्या. त्यामुळे या वीस हजार घरांत अख्ख्या डोंगराचा नकाशा आहे. दुसरं म्हणजे, एवढी घरं माणूस वाचू शकत नाही, पण यंत्र ती पिळून त्यातून डोंगराच्या दोन-तीन मुख्य चाली काढतं. एक उन्हाची. दुपारी सगळ्या खुंट्या केसभर कलतात आणि संध्याकाळी सरळ होतात. दुसरी पाण्याची. पावसात माती फुगते, उघडीप पडली की बसते. या दोन्ही चाली परत फिरणाऱ्या. तिसरी दिसली, खुंट्यांचा एक घोळका मिळून खाली सरकतोय आणि परत फिरत नाही, की भोंगा वाजणार आणि आपण निघायचं.”

मला ती मुलगी आवडली. जन्मभर जमिनीचे आकडे लिहिले, पण ते एकमेकांसमोर बसवून बघावेत असं मला कधी सुचलं नव्हतं.

आणि तरीही एप्रिलमध्ये मी माती खाल्ली.

गावात आवई उठली की सरकार सगळ्या जमिनींची नव्याने मोजणी करणार आणि या हिरव्या खुंट्या म्हणजेच नव्या हद्दी. साफ खोटं होतं ते, आणि खोटं आहे हे गावात मला एकट्यालाच पक्कं ठाऊक होतं. एकशे सतरा नंबरची खुंटी बरोबर ओहळाच्या उजव्या काठावर होती. म्हणजे ती हद्द धरली तर भांडणाचा पट्टा सदाचा. हद्द नव्हतीच ती, पण रोज वर जायचो आणि रोज ती डोळ्यांत खुपायची. एके दिवशी भर दुपारी गाव जेवून लवंडलेलं असताना मी ती उपटली, पट्टा ओलांडला आणि ऐनाच्या बुंध्याशी ठोकली. त्या रात्री मला चांगली झोप लागली, हेही खोटं कशाला बोलू? पुढे मात्र ओहळाकडे जायचं मी टाळलं.

मला कोणी बघितलं नाही असं मी समजत होतो. पण पाहणाऱ्याने पाहिलं होतं, आणि मोजणीदारानेच हलवली म्हणजे त्यात नक्की काहीतरी असणार, हा हिशोब सगळ्या गावाने केला. पावसाळ्यापर्यंत एकेचाळीस खुंट्यांनी जागा सोडल्या होत्या. मला काही दिसत होत्या. बोलायला तोंड नव्हतं. त्यात जूनमधल्या विजेने ओहळाच्या डावीकडच्या चार खुंट्या जळाल्या. पावसाळ्यानंतर नव्या बसवू, असं केतकी म्हणाली.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला तो पाच दिवस हटला नाही. सहाव्या दिवशी सकाळी नऊला भोंगा वाजला. नकाशावर वरच्या आळीच्या माथ्यावर लाल डाग होता आणि शाळा हिरवी. ठरल्याप्रमाणे नलूताईंनी अकराही घरं रिकामी करून माणसं शाळेत आणली. त्रेपन्न माणसं, शेळ्या, गॅसच्या शेगड्या, कोणाचा तरी पोपट. सदा आणि त्याची बायको कोपऱ्यात ट्रंकेवर बसली होती. मी आणि माझी बायको शेवंती मदतीला आलो होतो, दुसऱ्या कोपऱ्यात. केतकी आदल्याच दिवशी गावात मुक्कामाला आली होती. ती मास्तरांच्या टेबलावर टॅबलेट ठेवून बसली होती आणि तिचा चेहरा मला बरा दिसेना.

साडेअकराच्या सुमारास तिने मला आणि नलूताईंना जवळ बोलावलं. “चाल खरी आहे, पण मॅट्रिक्स आणि नकाशा जुळत नाहीत. नकाशा म्हणतो अमकी खुंटी इथे आहे. पण ती शेजारणींबरोबर हलतच नाही, भलत्याच घोळक्याबरोबर हलते. अशा एकेचाळीस आहेत. पाऊस लागेपर्यंत फरक केसाएवढा होता, म्हणून नजरेतून सुटलं. पुण्याहून सांगतायत, यंत्रं बिघडलीत, त्या ओळी काढून टाक.”

“मग?” नलूताईंनी विचारलं.

“मला ती बिघडलेली वाटत नाहीत. आकडे स्वच्छ आहेत. जागाच चुकल्यात.” ती माझ्याकडे बघत नव्हती, हे मला बघण्यापेक्षा जास्त लागलं. “म्हणून मी एस.टी.चा तक्ता केला, काका. नावं पुसली आणि कोण कोणाबरोबर हलतं यावरून प्रत्येकीला पुन्हा तिच्या जागी बसवलं. चाळीस बसल्या. कोणाच्या बांधावरून कोणाच्या बांधावर गेल्यात तेही आता मला दिसतंय. ते मी कुणाला सांगणार नाही. एकच बसत नाही. एकशे सतरा.”

मी चष्मा काढून पुसायला लागलो.

तिने समजावून सांगितलं. ओहळाच्या माथ्याला जमीन तुटली होती आणि एकशे सतरा त्या तुटलेल्या तुकड्यावर होती, एवढं नक्की. पण शेजारच्या चार खुंट्या विजेने गेल्यामुळे तिला दोन्हीकडे जागा होती. ती उजवीकडे असेल तर दरड वरच्या आळीवर येणार आणि शाळा सुरक्षित. डावीकडे असेल तर तुकडा डावीकडे पसरलेला आहे, आणि तो येणार शाळेवर.

“ड्रोन पाठव ना,” नलूताई म्हणाल्या.

“धुकं आहे, ताई. वारा आहे. आणि गवत छातीएवढं झालंय, हिरव्या गवतात हिरवी खुंटी कशी दिसणार? वर माणूस तर पाठवायचाच नाही.” तिने टॅबलेट जवळ ओढला. “कोणीतरी ती हलवली असेल तर त्यालाच ठाऊक. कोणी, ते मला नको. कुठे ठोकली तेवढं सांगा.”

तिच्या कानात हळूच सांगता आलं असतं. मुलीने मला तशी वाट ठेवली होती. पण चाळीस खुंट्या माझं बघून हलल्या होत्या आणि त्या हलवणारे बहुतेक त्याच खोलीत बसले होते. मी उठून फळ्यापाशी गेलो.

“एकशे सतरा मी हलवली,” मी मोठ्याने म्हटलं. “एप्रिलात. ओहळाच्या काठावरून काढली आणि ऐनाच्या बुंध्याशी ठोकली. सदाचा पट्टा माझ्याकडे यावा म्हणून. त्या खुंटीचा हद्दीशी काही संबंध नाही हे मला माहीत होतं. तरी हलवली.”

मागे कुठेतरी एक शेळी ओरडली. केतकीने जागा भरली. यंत्राने क्षणभर विचार केला आणि तिने मान हलवली.

“नाही बसत, काका. ऐनाच्या भोवतालच्या खुंट्या वेगळ्या हलतायत. ही तिथे नाहीये.”

“अगं, माझ्या हाताने ठोकली मी!”

पाठीमागून कोणीतरी हळूच हसलं. आता हा खोटंही बोलतो, असं त्या हसण्यात होतं. चौतीस वर्षांत माझ्या शब्दावर कोणी हसलं नव्हतं. मी फळ्याला टेकलो.

तेवढ्यात कोपऱ्यातली ट्रंक करकरली.

“दादा खोटं न्हाय बोलत,” सदा म्हणाला. अकरा वर्षांनी त्याच्या तोंडून ‘दादा’ ऐकत होतो. “अर्धंच बोलतोय, कारन बाकीचं त्याला ठावंच न्हाय. मी बगितला ना त्याला खुंटी ठोकताना. दुसऱ्या दिशी सकाळच्या पारी गेलो नि उपटली.”

“आणि कुठे ठोकली?” केतकीने विचारलं.

सदाने माझ्याकडे बघितलं नाही. “ऐनापास्नं सरळ डावीकडं. ओहळ वलांडून दादाच्या नाचणीत. सत्तर पावलं मोजली. म्हटलं, तू माझ्यात वीस घुसतोस काय, मी तुज्यात सत्तरनं घुसतो.”

केतकीने गुणाकार केला. साधारण माणसाचं पाऊल अडीच फूट, सत्तर पावलांचे एकशे पंच्याहत्तर फूट, म्हणजे त्रेपन्न मीटर. जागा भरली. पडद्यावरचा डाग सरकला आणि तिने कपाळाला हात लावला.

“जवळ आलो, पण अजून नाही. त्रेपन्न मीटरवर कातळाची सोंड लागते. कातळात रोवलेली खुंटी अशी सरकणारच नाही. मधेच कुठेतरी मातीत असणार, पण अंदाजाने चालणार नाही. सदाकाका, मोजताना चुकलात का?”

“म्या मोजण्यात चुकीन?” सदा भडकला. “मोजणीदाराचा भाव हाय मी!”

आणि मला एकदम लहानपणीचा सदा दिसला. आंब्याच्या झाडावरून पडलेला, डावा पाय फळ्यांत बांधलेला. तो पाय आखूड जुळला तो जुळलाच. शाळेत जाताना मी त्याच्यासाठी हळू चालायचो, आणि मोजणी शिकलो तेव्हा पहिल्यांदा मोजलं ते त्याचं पाऊल. अंगणात, राखेने रेघा मारून.

“सत्तर बरोबर आहेत,” मी म्हटलं. “पाऊल अडीच फुटाचं धरू नका. त्याचा डावा पाय आखूड आहे. उजवं टाकतो सव्वादोन फुटांचं आणि डावं एक फूट सात इंचांचं. सरासरी एक फूट अकरा इंच.”

सदाने मान वर केली आणि माझ्याकडे बघतच राहिला.

केतकीची बोटं चालली. एकेचाळीस मीटर. बारा मीटरचा फरक पडला होता. एकशे सतराची ओळ आणि एकशे सतराचा रकाना आपल्या जागी जाऊन बसले, आणि चादरीवर इकडेतिकडे विस्कटलेले गडद ठिपके एका जागी गोळा होऊन घट्ट, चौकोनी डाग झाला. मला मॅट्रिक्समधलं फार कळत नाही, पण बरोबर बसलेला नकाशा मला कळतो.

नकाशावर लाल रंग ओहळ ओलांडून डावीकडे पसरला. खाली शाळा होती. आम्ही सगळे तिच्यात बसलो होतो.

“सहाणेवर चला,” केतकी उभी राहिली. सहाण म्हणजे गावाबाहेरची देवीची पालखी टेकवायची जागा, उघड्या कातळाच्या सड्यावर, डोंगरापासून लांब. “आत्ता. सामान राहू दे.”

नलूताईंनी रांग लावली. म्हाताऱ्यांना धरून, पोरांना कडेवर घेऊन लोक पावसात निघाले. पोपटाचा पिंजराही निघाला. वाट निसरडी होती आणि सदा मागे पडायला लागला. त्याची बायको पुढे नातवंडं सांभाळत होती. मी थांबलो. तो आल्यावर त्याच्या डाव्या बगलेत हात घातला. त्याने झिडकारला नाही.

“एक फूट सात इंच,” तो चालता चालता पुटपुटला. “यवडं ध्यानात ठेवलंस?”

“तू मुकाट चाल.”

“अकरा वरसं एका शब्दानं बोलला न्हाईस.”

“तू तरी कुठे बोललास?”

सव्वाचार वाजता डोंगर आला. आधी आवाज, मग धुक्याच्या खाली तांबडा लोट. तो ओहळाच्या डावीकडून उतरला आणि शाळेच्या खिडक्यांपर्यंत माती भरून थांबला. वरच्या आळीत फक्त दोन गोठे गेले. सहाणेवर नलूताईंनी तीनदा माणसं मोजली. तिन्ही वेळा सगळी भरली. केतकी देवीच्या चौथऱ्याला टेकून बसली आणि लहान पोरीसारखी रडली. शेवंतीने तिला पदराखाली घेतलं. मीही रडलो. सदा म्हणाला, “पाऊस हाय, कुनाला कळनार न्हाय.”

पुढे चौकशीत केतकीने अहवाल लिहिला त्यात आमच्यापैकी एकाचंही नाव नव्हतं. ‘खुंट्यांच्या नोंदवलेल्या आणि प्रत्यक्ष जागांत तफावत आढळली, ग्रामस्थांच्या मदतीने ती दूर करण्यात आली,’ एवढंच. हल्ली घाटातल्या साठ गावांत खुंट्या आहेत, आणि केतकीने त्या यंत्राला आता एक सवय लावली आहे. दर आठवड्याला ते नावं पुसून नकाशा नव्याने मांडतं, आणि एखादी खुंटी शेजारणींशी फटकून वागायला लागली तर गावाला विचारतं. मी सांगितल्यावरून तिने आणखी एक रकाना वाढवला, ‘सांगणाऱ्याच्या पावलाची लांबी’. पुण्यातले लोक त्याला हसले म्हणे. हसू देत.

भांडणाचा पट्टा दरडीबरोबर गेला. त्याची माती शाळेच्या मैदानात येऊन पडली आणि नवी शाळा सहाणेच्या सड्यावर झाली. जुन्या मैदानात आता लोक नाचणी लावतात, आणि ती कोणाची हे विचारायचं नाही असं ग्रामसभेत ठरलं आहे.

पुढच्या जानेवारीत केतकी नव्या खुंट्या घेऊन आली. तिचा नवा नियम होता, की हद्दीजवळची खुंटी दोन्हीकडच्यांनी मिळून रोवायची आणि दोघांनी सही करायची. एकशे सतरा घेऊन आम्ही दोघं वर गेलो. ऐन अजून उभा होता. गेल्या पावसात खुंटी होती तीच जागा केतकीला हवी होती, आणि ती तिथून मोजायची होती. मी फीत काढली.

“फीत ठेव आत,” सदा म्हणाला. “घरची हाय ती.”

तो ऐनाला पाठ लावून उभा राहिला आणि चालू लागला. उजवं लांब, डावं आखूड. मी त्याच्या बाजूने चालत मोजत गेलो. नव्या मातीत तो थांबला आणि मागे वळून विचारलं, “किती झाली?”

“सत्तर.”

“नि तुजी?”

मी माझीही मोजली होती. अडीच फुटांच्या हिशोबाने चोपन्न व्हायला हवी होती. पण मी त्याच्या बरोबरीने चाललो होतो.

“माझीपण सत्तरच झाली,” मी म्हटलं, आणि त्याने खुंटी धरली, मी हातोडा उचलला.